चित्त्यापुढची रिकामी जागा

याद्या करायची सवय मला शाळेपासूनची. चौथीत बाईंनी रानातल्या प्राण्यांच्या पिल्लांची नावं लिहून आणायला सांगितली. मी दोन रकाने आखले. वाघाचा बछडा, सिंहाचा छावा, हरणाचं पाडस. चित्त्यापाशी अडले. पण आमच्या बोळाच्या तोंडाशीच दरबारचे चित्ते सांभाळणारे चित्तेवान चाचा राहायचे. संस्थान विलीन व्हायला आलं होतं, तरी हरणांच्या शिकारीसाठी आणलेली चित्त्याची एक मादी त्यांच्या अंगणात बाजेला बांधलेली असे.

ती डरकाळी फोडत नसे, पाखरासारखी चिवचिवायची. शाळेतून येताना आम्ही मुली तसाच आवाज काढायचो. ती कान टवकारून उभी राहायची, आम्ही हसायचो. त्यात मी सगळ्यांत तरबेज.

"चाचा, चित्त्याच्या पिल्लाला काय म्हणायचं?"

"शाळंत चित्तं शिकवाय लागल्यात व्हय? मग मी आता घरी बसतो की!" ते हसले. "मला काय ठावं? जल्म गेला चित्तं सांभाळण्यात, पिल्लू बघितलं न्हाय."

"असं कसं?"

"शिकार आई शिकवती. म्हणून शिकल्यालं, मोठंच धरत्यात. ही पिल्लं मागं ठेवून बोटीतनं आली, तवा दूध बी आटलं न्हवतं. तुमी पोरी चिवचिव करताय न्हवं, ती पिल्लांची हाक हाय. तिला वाटतंय, आली."

मी वही मिटली. मैत्रिणींना ताकीद दिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तोंडावर हात ठेवून जाऊ लागलो. ती हाका मारत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मटणाला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी चाचाच आमच्या दारात.

"पोरी, एकदा आवाज दे की. खाईना झालीया."

मी गेले. आवाज दिला. ती धडपडत उठली, दोरी ताणून पुढं आली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. माझ्या मागच्या मोकळ्या बोळाकडं बघत राहिली, बराच वेळ. मग बाजेवर जाऊन तोंड फिरवून पडली.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणाले. "जा घरला."

आठवडाभरात ती गेली.

वाण्याच्या सामानापासून लग्नाच्या आहेरापर्यंत माझ्या याद्या आज पुऱ्या असतात. ती वहीही आहे. चित्त्यापुढं बाईंनी लाल शाईनं 'पिल्लू' लिहिलंय. त्यात चूक काही नाही. पण तिला पिल्लं किती होती, हे मी चाचांना कधी विचारलंच नाही.