दिवाणामागची भिंत आणि रिठ्याचं पाणी

आमच्या ह्यांचं नाव एकनाथराव. अफझलगंजला किराण्याच्या ठोक दुकानात मालाचं वजन करायचे, सगळी उमर तिथंच गेली. गाव भालकीकडचं, पण मी लग्न करून आले ती नारायणगुड्याच्या ह्याच दोन खोल्यांत. यंदा संक्रांतीच्या तोंडावर गेले. छातीत कळ आली म्हणाले, मी पाणी आणस्तोवर झालं पण.

माणूस कसा होता म्हणून कुणी विचारलं तर मला त्यांची भिंतच आठवती. दरसाली घट बसायच्या आधी घराला रंग स्वतः द्यायचे. पेंटर बोलवा म्हटलं की, "नक्को. पेंटर कपाटामागं रंग देत नाही. उद्या कपाट सरकलं तर इज्जत कुणाची दिसती?" डोक्याला माझं जुनं पातळ गुंडाळून उभे राहायचे. आधी खिळे काढायचे, मग पत्र्यानं पोपडे खरवडायचे, मग भोकं न् भेगा लप्पम भरून बंद करायचे. ते पांढरं पीठ पाण्यात कालवून भिंतीला लावतात ना, त्याला इकडं सगळे लप्पमच म्हणतात. वाळलं की काचपेपरनं घासायचे, हात फिरवायचे, परत घासायचे. मग हाक मारायचे, "मालन, गाल लावून बघ, खरखरतंय का." मी खरंच गाल लावायची, येडी. मग तसाच पांढरा गाल घेऊन भाकरी करायची, लेकरं हसायची.

पयले सुन्ना, म्हणजे चुनाच, असायचा, नीळ टाकून. नीळ ह्यांच्या हातून हमेशा जास्ती पडायची. मग सालभर आमची खोली धोब्याच्या सदऱ्यासारखी. मागून पिस्ता रंग सुरू झाला तो आजपर्यंत.

एक गोष्ट मात्र होती. ह्यांना डोक्याला आवळ्याचं तेल लागायचं, थोडं नाही, चांगलं ओंजळभर. अन् ते लावून दिवाणावर बसायचे भिंतीला डोकं टेकून. सालभरात तिथं हा मोठा तेलकट डाग. मी म्हणायची, "अहो, तेल डोक्याला लावता की भिंतीला?" तर म्हणायचे, "भिंतीचे केस पिकले नै पाहिजे न."

पण रंगाच्या वेळी तो डाग तेच काढायचे, रिठ्यानं. दुकानातून मूठभर रिठे आणायचे, मी गरम पाण्यात भिजवून कुस्करून द्यायची. "डोक्याचं तेल हाय, डोक्याच्याच औषधानं जाईन," म्हणायचे. फेस करून भिंत घासायचे जशी लेकराला आंघोळ घालावी. मग खडूची पूड थापून ठेवायचे, राहिलेलं तेल ती ओढून घ्यायची. तेव्हा कुठं लप्पम.

आता हे गेल्यावर योगिनीचं, आमच्या पोरीचं, लग्न जमलं. घरात माणूस गेलं की सालाच्या आत लग्न उरकायचं, नाही तर तीन साल थांबायचं, आमच्यात असं हाय. म्हणून दिवाळी तर केली नाही पण साखरपुडा धरला, दिवाळी झाल्यावरच्या रविवारी, घरीच. गौतम, पोरगा माझा, म्हणाला, "आई, पाहुणे येणार, भिंती कशा दिसतायत बघ." त्यानं पेंटर आणला, यादगिरी म्हणून.

मी तोंडानं हौ म्हटलं. पण नजर दिवाणामागच्या डागावरच होती. कपडे देऊन टाकले होते. चप्पल कुणी नेली कळलं पण नाही. घरात त्यांचं असं तेवढंच राहिलं होतं, डोकं जिथं टेकायचं ते. मी रोज सकाळी हात लावायची. रिठ्याचं कुणाला काहीच बोलले नाही.

यादगिरीनं लप्पम मारला, रंग मारला. दुसऱ्या दिवशी डाग वर. परत मारला. परत वर, पयल्यापेक्षा पिवळा.

"अम्मा, ये क्या जिद्दी दाग है!" यादगिरी कमरेला हात लावून उभा.

मी आतल्या आत हसले. म्हटलं, जात नाहीत बघा आमचे हे.

गौतम मला म्हणाला, "बाबा काय लावायचे गं आधी?"

"काय की," म्हटलं. "घासायचे काहीतरी."

शुक्रवार उजाडला. डाग तसाच. पोरगा वैतागला. "जाऊ दे. बाबांचा हार घातलेला फोटोच लावू त्याच्यावर. झाकून जाईन."

योगिनी भाजी निवडत होती. ती उठली. "दादा, माझ्या साखरपुड्याला बाबांनी डाग झाकत उभं राहायचं?" एवढंच म्हणाली अन् रडायला लागली.

माझ्या मनात एकदम आलं, हे असते तर काय म्हणाले असते. कपाटामागं सुद्धा झाकपाक न चालवून घेणारा माणूस. अन् पोरीच्या साखरपुड्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांच्या नावानं तेलकट भिंत. मी ठेवलेली.

मी म्हटलं, "गौतम, खाली जा अन् रिठे घेऊन ये."

"कायकू?"

"आण म्हटलं ना. तुझ्या बापाला न्हाऊ घालायचंय."

यादगिरीनं नवा रंग पत्र्यानं खरवडला. खाली जुना पिस्ता निघाला अन् त्यात तो डाग, काळपट, तुळतुळीत. मी पदर खोचला. गरम पाण्यात रिठे कुस्करले, फेस केला, दिवाणावर चढून घासायला लागले. गरम पाणी लागलं तसा आवळ्याच्या तेलाचा वास खोलीभर झाला. बाई गं, काय सांगू. दर दिवाळीला पहाटे पाटावर बसवून मीच ह्यांच्या तेलकट डोक्याला रिठे चोळायची. एवढा मोठा माणूस पण लेकरासारखा ओरडायचा, "मालन, डोळ्यात गेलं, डोळ्यात गेलं!" यंदा ती आंघोळ राहूनच गेली होती.

योगिनी फडकं घेऊन बाजूला आली. दोघी घासत होतो. फेस खाली वघळायला लागला तशी ती म्हणाली, "आई, हळू. बाबांच्या डोळ्यात जाईन."

मग आम्ही दोघी हसलो बी अन् रडलो बी. यादगिरी बिचारा चहा प्यायला म्हणून बाहेर गेला.

खडूची पूड मीच थापली, शेवटी मीच पुसली. लप्पम वाळल्यावर गाल लावून बघितला. खरखरत नव्हतं. यादगिरीचा रंग एकदाच लागला अन् बसला. कपाटामागं पण द्यायला लावला, तो नको नको म्हणत होता.

रविवारी पाहुणे दिवाणावर बसले, भिंत चांगली झाली म्हणाले. फोटो समोरच्या भिंतीवर लावला, तिथून त्यांना सगळं दिसतं.

आता दिवाणावर कुणी मागं टेकलं की गौतम ओरडतो, "डोकं लावू नका, नवा रंग हाय!" मला पण ओरडतो. मी हौ म्हणते, सरकून बसते. तो ऑफिसला गेला की टेकते.