भामाबाईचं खापर

गावातलं पस्तिशीच्या आतलं कुणीही आणून उभं करा, त्याला पहिली आंघोळ सत्यभामाबाईनं घातलेली असणार. ग्रामपंचायतीत तोऱ्यात बसणारा असो नाहीतर भर दुपारी पारावर पिऊन पडलेला असो, सगळे एकेकाळी तिच्या पसरलेल्या पायांवर उताणे-पालथे होऊन रडलेले. औरादपासून दोन कोसांवरच्या त्या गावात तिला पूर्ण नावानं कुणीच हाक मारत नाही, सगळ्यांची ती भामाबाई. बाळंतीण घरी आली की पाळण्याच्या आधी तिला बोलावणं जायचं. ती यायची ती एका हातात तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात खापर घेऊन.

खापर म्हणजे फुटक्या रांजणाचं बूड, सासूकडून आलेलं. त्यात बाभळीचे निखारे घालायचे, वर ऊद, ओवा, लसणाच्या साली, वावडिंग टाकायचं आणि न्हालेलं लेकरू फडक्यासकट त्या धुरीवर धरायचं. लेकरू खोकलं की भामाबाई म्हणायची, "निघू दे, निघू दे. छातीतलं समदं निघू दे." तिच्या उदाला गुण आहे असं बायका म्हणत, आणि याची सगळ्यात जास्त खात्री खुद्द भामाबाईला होती. विनय देवानं तिच्या पदरात बेताचाच टाकला होता.

पण हे काम तिनं हौसेनं धरलेलं नव्हतं. मुलगा धनराज याच्या आधी तिला एक मुलगी होती, उमा. दीड वर्षाची झाली आणि थंडीच्या दिवसांत तिला खोकला लागला. महिनाभर पोर खोकत राहिली. भामाबाईनं काही कमी केलं नाही. सकाळ-संध्याकाळ ऊद घातला, मग तीनदा, मग दिवसातून चारदा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी उमा गेली. लहान लेकरू म्हणून ओढ्याकाठी पुरलं. शेजारच्या मल्लप्पाची बायको बसव्वा हिनं त्या रात्री भामाबाईला कवळ घालून धरून ठेवलं, नाहीतर ती माती उकरायलाच निघाली होती. पुढं कधीतरी सावरल्यावर भामाबाईनं मनाशी ठरवलं, की आपलं गेलं ते गेलं, गावात दुसऱ्या कुणाच्या लेकराची छाती भरू द्यायची नाही. तेव्हापासून ती खापर घेऊन घरोघर जायला लागली.

आणि अशा बाईच्या घरात नातू खोकायला लागला.

हरिओम पावणेदोन वर्षांचा. दिवसा ठणठणीत. कोंबड्यांच्या मागं पळणार, चपला पळवून हौदात टाकणार. रात्री बारा-एक वाजले की खोकला सुरू. कोरडा, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही सवड नाही. तोंड लाल व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, शेवटी प्यालेलं दूध अंथरुणावर पडायचं तेव्हा कुठं लेकरू शांत व्हायचं. मग अंथरूण बदला, कपडे बदला, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. दसऱ्यानंतर सुरू झालेला हा खोकला तुरी खळ्यावर आल्या तरी हटायला तयार नव्हता.

दुधापेक्षा सायीला जपावं म्हणतात. भामाबाईनं जपण्यात कसूर केली नाही. अडुळशाचा रस झाला, आलं-मध झालं, मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. उदाच्या दोन वेळा होत्या त्या तीन केल्या. तिसरी वेळ झोपताना, दार लावून, म्हणजे औषध बाहेर वाया जायला नको.

सून अंजू उदगीरची, बारावी झालेली. नवरा धनराज हैदराबादला कंपनीत, पंधरा दिवसांनी एकदा येणार. रात्र रात्र तीच पोराला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एके सकाळी ओली चादर पिळता पिळता ती म्हणाली, "आत्याबाई, म्या संक्रांतीपर्यंत बगते. न्हाई राहिला खोकला, तर ह्याला घिऊन उदगीरला जाते. भाऊबीजेला आठ दिवस ऱ्हायलो, एकदा बी खोकला न्हाई ह्यो तिथं."

"तिथलं पानी गोड हाय," भामाबाई म्हणाली. "म्हनून न्हाई खोकला."

"पानी गोड असू नायतर खारं. लेकरू झोपतंय का न्हाई, तेवढंच बगायचंय मला."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं भामाबाई शेजारच्या म्हशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुटपुटली. पण संक्रांत म्हटलं की तिला उमाच आठवायची. आणि नातू घरात नसला तर या घरात आपण कुणाकडं बघून उठायचं, हेही तिला कळेना.

बीदरच्या डॉक्टरीणबाईंकडं दोन खेपा झाल्या होत्या. बाई कन्नड मुलखातल्या, पण मराठी नीट बोलायच्या. पहिल्याच खेपेला त्यांनी विचारलं होतं, "घरात धूर होतो का? चूल आहे?"

"न्हाई मॅडम, गॅस हाय," अंजू म्हणाली.

"बिडी, सिगारेट? मच्छरची कॉइल?"

"काईच न्हाई."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. धूर म्हणजे चुलीचा, बिडीचा, शेताच्या धुऱ्यावर कचरा पेटवला तर त्याचा. ऊद त्या घरात धुरात धरलाच जात नव्हता, तो औषधात होता. औषध कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. बाईंनी औषधाची बाटली दिली, दुसऱ्या खेपेला तोंडावर मास्क लावून द्यायचा पंप दिला. अंजू तो न चुकता द्यायची, आणि त्यानंतर भामाबाई दार लावून खापर पेटवायची.

तिसऱ्या खेपेला बाईंनी हरिओमच्या छातीला नळी लावली, आणखी वाकल्या आणि थांबल्या. त्यांनी त्याच्या टाळूचा वास घेतला.

"ह्याच्या केसांना कसला वास येतो? लोभान?"

इतका वेळ भामाबाई बाकावर गप्प बसली होती, कारण तिला कुणी काही विचारत नव्हतं. आता ती ताठ झाली. "ऊद हाय बाई. तीन टायमाला घालते. म्या सोता. रातच्याला दार लावून. ह्या हातानं गावातल्या तीनशे लेकरांना घातलाय. इचारा कुणाला बी."

डॉक्टरीणबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "आज्जी, ऊद पण धूरच की हो."

"लहान लेकराची श्वासाची नळी एवढीशी असते," बाईंनी करंगळीचं टोक दाखवलं. "धुरानं ती सुजते. रात्री खोकला येतो. खोकला आला म्हणून तुम्ही आणखी ऊद घालता, ती आणखी सुजते. मी दिलेलं औषध काय करणार? आजपासून ऊद बंद. थोडा पण नाही."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भामाबाईला भांडता आलं असतं. भांडणात ती कधी हरलेली नव्हती.

परतीच्या बसमध्ये अंजूच्या मांडीवर पोरगं झोपलं होतं. अंजू वाकवाकून त्याच्या टाळूचा वास घेत होती. त्यानंच भामाबाईला जास्त डिवचलं. "कालची पोरगी ती डॉक्टरीण, मला शिकवायली," ती म्हणाली. "बरं. आठ-दहा दिवस बंद ठिवते खापर. मग बग खोकला जातोय का वाढतोय. तिचं खरं का माजं खरं, कळंल."

अशी पैज तिनं आपल्याच तोंडानं लावली. खापर माळ्यावर ठेवलं आणि ती वाट बघू लागली.

चौथ्या रात्री हरिओम दोनदाच उठला. सातव्या रात्री एकदा. दहाव्या रात्री उठलाच नाही. पंप चालू होता, पण तो तर आधीही चालू होता. अंजू कित्येक महिन्यांनी सकाळी उन्हं अंगावर येईपर्यंत झोपली आणि दचकून उठली. उदगीरची पिशवी भरलेली होती, ती तिनं रिकामी केली. दुपारी बसव्वा ताक मागायला आली, ती हसत म्हणाली, "अक्का, सुंठीवाचून खोकला गेला म्हनायचं की!" अंजूही हसली. भामाबाईनं ताकाचा तांब्या पुढं केला आणि आत गेली.

नातवाचा खोकला गेला आणि आजीची झोप गेली. घर शांत झालं की ती आढ्याकडं बघत पडायची. जी रात्र शांत जायची ती तिच्याविरुद्ध साक्ष देऊन जायची. तीन टायमाला घातला तर नळी सुजते. मग चार टायमाला? दीड वर्षाची उमा धुरीवर धरली की तोंड फिरवायची. भामाबाईला ते आता लख्ख आठवत होतं. पोर तोंड फिरवायची आणि ती हनुवटी धरून तोंड पुन्हा धुरावर आणायची. निघू दे, निघू दे.

एका रात्री हरिओम झोपेत एकदाच खोकला. आणि भामाबाईला बरं वाटलं. क्षणभरच, पण खरोखर बरं वाटलं, की ऊद बंद करूनही खोकतोय म्हणजे माझा दोष नाही. मग आपल्याला काय बरं वाटलं हे तिच्या ध्यानात आलं, तिनं पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडं तोंड करून रडली.

उमाला खरं काय झालं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. तिला डॉक्टरनं बघितलंच नव्हतं. कदाचित उदाशिवायही ती गेली असती. हे भामाबाईला सांगायला कुणी नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारलं नव्हतं. वाईट झालं की खापर फोडायला माणूस दुसऱ्याचं डोकं शोधतो आणि निभावून नेतो. इथं खापरही तिचंच होतं आणि डोकंही तिचंच.

संक्रांत झाली. हरिओमनं तिळगूळ सगळ्या अंगाला फासला. त्याच आठवड्यात बसव्वाची लेक नेत्रावती बाळंतीण होऊन माहेरी आली, आणि रिवाजाप्रमाणं भामाबाईला बोलावणं आलं. ती गेली. बारा दिवसांची पोर, काळी-सावळी, कपाळाला विभूतीचं बोट. भामाबाईनं पाय पसरले, तेल चोळलं, टाळू भरली, कोमट पाणी घातलं. हात आपलं काम विसरले नव्हते.

"निखारे झाले बग अक्का," बसव्वा म्हणाली. "खापर कुठाय?"

"इसरले."

"आसू दे, आमच्या घमेल्यात घालू."

"ऊद संपलाय."

"माज्याकडं हाय की, कालच आनलाय बाजारातून."

"नको घालू बसव्वा. उदानं लेकराची छाती भरती. डॉक्टरीण म्हन्ली."

"डॉक्टर काय बी म्हन्त्यात!" बसव्वा उठून डबा शोधू लागली. "माज्या तिन्ही लेकरांना तूच घातलास. काय झालं त्यांना? धडधाकट हाईत."

भामाबाईच्या मांडीवर पोर शिंकली. हिला इथं सोडून गेलो की बसव्वा स्वतःच्या हातानं घालणार, हे तिला दिसत होतं. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, आणि सांगायचं ते अजून तिनं देवापुढंही उच्चारलं नव्हतं.

"तुज्या लेकरांना न्हाई झालं," ती म्हणाली. "माज्या उमाला झालं."

बसव्वाचा हात डब्यावर राहिला.

"म्याच घातला, बसव्वा. चार टायमाला. ती तोंड फिरवायली तर हनुवटी धरून घातला."

नेत्रावती आईकडं बघू लागली. घमेल्यातल्या निखाऱ्यांवर राख चढली. बसव्वानं पोर भामाबाईच्या मांडीवरून उचलून घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू थकलीस अक्का. कायबी बोलायलीस. घरी जा."

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेलाची वाटी कोनाड्यात तशीच राहिली. भामाबाई वेड्यासारखं काहीतरी बोलली, एवढं गावात झालं, पण तोंडावर कुणी काही म्हणालं नाही.

त्या संध्याकाळी अंजू ओसरीवर हरिओमला भात भरवत होती. वारं मल्लप्पाच्या घराकडून आलं आणि त्याबरोबर वास आला. ऊद, ओवा, लसणाच्या साली. हरिओमनं नाक वर केलं. अंजूनं सासूकडं पाहिलं.

भामाबाईनं पदर खोचला.

"कुटं निघालाव, आत्याबाई? भांडतील त्या."

"भांडू दे."

मल्लप्पाचं दार लोटलेलं होतं, फटीतून धूर येत होता. आत पोर खोकत होती. तेवढ्याशा जिवाचा खोकला तो, मांजराच्या पिलासारखा. आणि त्याच्यावरून बसव्वाचा मायेचा आवाज येत होता, "निघू दे, निघू दे. छातीतलं समदं निघू दे."

भामाबाईनं दार ढकललं.