तळपायावरचा तीळ

डॉक्टरीणबाईंनी माझा तळपाय पुसला, तिळावर भिंग टेकवलं आणि फोटो काढला. "आता आधी हा कॉम्प्युटर बघेल," त्या म्हणाल्या. त्याला म्हणे असे असंख्य तीळ दाखवून शिकवलंय.

लहानपणी पायाला तेल चोळताना आई या तिळावर अंगठा फिरवायची. "तळपायाला तीळ! खूप प्रवास लिहिलाय माझ्या पोरीच्या नशिबी." पुढे नोकरीत बदल्यांवर बदल्या झाल्या, तेव्हा मी हसून तिळाकडे बोट दाखवायचे. हल्ली तो पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. मला वाटलं, चप्पल चावली असेल.

पडद्यावर तिळाभोवती लाल चौकट उमटली. माणूस बघत असला की त्याच्या डोळ्यांत काहीतरी वाचता येतं. या बघणाऱ्याला डोळेच नव्हते. मग मी डॉक्टरीणबाईंचा चेहरा वाचत बसले.

"त्याला शंका येतेय," त्या म्हणाल्या. "मलाही. तुकडा काढून तपासायला पाठवू." मग त्यांनी विचारलं, "एवढ्यात कुठे प्रवास नाही ना?"

मी पाय ओढून साडीखाली घेतला. कुठला प्रवास, हे आईला मी कधी विचारलंच नव्हतं.