अध्यक्ष घसरगुंडी तपासतात

घरात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणत, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच तशी. अंगाने किडकिडीत, स्वभावाने सरळ, चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवणारी आर्किटेक्ट. लोकांच्या न्हाणीघरांचे नकाशे काढता काढता केस पिकले, तेव्हा कुठे नगरपालिकेचं हे काम हाती आलं: जुन्या कपड्यांपासून नव्या वस्तू शिवायचं केंद्र, सगळ्यांसाठी खुलं. स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

अख्ख्या इमारतीत तिचा जीव एकाच गोष्टीवर. रस्त्याकडच्या खिडकीत कपडे टाकायचे, ते पत्र्याच्या घसरगुंडीवरून वळण घेत थेट खालच्या शिवणघरात. समितीच्या अध्यक्षांनी मात्र नाक मुरडलं. "सार्वजनिक इमारत आहे, बागेतला खेळ नाही. कपडे अडकले तर हे काढायचं आणि भिंत घालायची." पत्रा बसला तसे ते स्वतः तपासायला आले.

तिने रुबाबात इस्त्रीच्या घड्या सोडल्या. सुर्रकन खाली गेल्या. तेवढ्यात तिची आई, जिला कोणी बोलावलंही नव्हतं, चादरीत बांधलेलं भलंमोठं बोचकं घेऊन आली आणि दिलं ढकलून. धप्प झालं. खाली काहीच पडलं नाही.

"आई, घड्या घालून तरी आणायचे."

"टाकायच्या कपड्यांना कोण घड्या घालतं गं?"

लोक बोचकी बांधतात, हे फूटपट्टीच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग काय संचारलं देव जाणे, तिने ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि शिरली आत. लाथ बसताच बोचकं सुटलं, त्यामागून ती, आणि दोघं खाली जमवलेल्या कपड्यांच्या ढिगात. तिला हसू आवरेना. मशीन जोडायला आलेल्या बायकाही पोट धरून हसत सुटल्या.

अध्यक्ष हसले नाहीत. "मला नीट बघू द्या," म्हणत ते वर खिडकीत वाकले, आणखी वाकले, आणि गेलेच. माणूस चांगला भरल्या अंगाचा. पुन्हा धप्प, आणि वळणातच अडकले.

आता घातलीच भिंत, असं वाटून ती ढिगातच रडवेली होऊन बसली. आतून नुसती खुसखुस ऐकू येत होती. मग अध्यक्षांचा आवाज आला.

"वळण रुंद करा. भिंत नको. आणि कुणीतरी मागून ढकला, पण जोरात. मलाही तसंच पडायचंय."