बंद नळाचं पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. परभणीकडच्या आमच्या घरात बुद्धवंदना होते. मुहूर्त, वास्तुशांत, उतारे यातलं काहीच नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आता आयोवात, मिसिसिपीकाठच्या एका जुन्या गावातल्या कॉलेजात शिकवते. विटांचे रस्ते, दीडशे वर्षांची घरं, आणि देशी कुटुंब म्हणाल तर फक्त आम्ही.

मला इथेच घर घ्यायचं होतं. नवऱ्याला, सुशीलला, नको होतं. "यार, शिकागोजवळ बघू. इथे आपलं कोण आहे?" त्याचं चुकत नव्हतं. हे गाव आपल्याला आपलं म्हणेल का, ही धाकधूक मलाही होतीच.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी टेकडीवरचं एक घर बघायला गेलो. बरेच महिने रिकामं. जिना चढवेना म्हणून आई खाली किचनमध्ये बसली. आम्ही दोघं घर दाखवणाऱ्या रिअल्टर कॅरलबरोबर वर गेलो.

खाली आलो तर आई एकदम खुशीत.

"घ्या हे घर."

"आई, अजून तळघर बघायचंय!" सुशील हसला.

"तळघर तुम्ही बघा. मला त्या बाईनं पाणी दिलं. कप हातात दिला — हातात!"

सगळ्यांना कळेल असं नाही, म्हणून सांगते. आई लहान असताना गावात तिला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत ओतून. तेव्हापासून कुठल्याही नव्या घरी गेली की ती एवढंच बघते... पाणी कसं देतात.

मला वाटलं, कॅरलनेच दिलं असेल. मी थँक्यू म्हटलं. ती गोंधळली. "पाणी? पाइप फुटू नयेत म्हणून इथलं पाणी थंडीआधीच बंद केलंय. आणि मी तर तुमच्याबरोबर वर होते."

मी नळ फिरवला. कोरडा... मागचं दार आतून बंद. ओट्यावर मात्र एक पांढरा कप, तळाशी घोटभर पाणी.

"आई, कशी होती गं बाई?"

"माझ्याच वयाची. हाताला पीठ लागलेलं. काहीतरी बोलली, मला काय इंग्लिश कळतंय! मी हात जोडले, ती हसली."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. वाटलं, घाबरेल.

"पाणी पाजणाऱ्याला कुणी भितं का, पोरी?"

टेकडी उतरताना गाडीत सुशील म्हणाला, "ऑफर टाकूया."

आता तिथेच राहतो. पहिला बर्फ पडला तेव्हा शेजारच्या आजोबांनी न सांगता आमचीही वाट साफ करून दिली. सुशील आता शिकागोचं नाव काढत नाही. पुन्हा घरात कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. आजोबांना विचारलं, त्यांनाही अशी कुणी बाई आठवत नाही. आईला भास झाला म्हणावं, तर तो ओला कप मी स्वतः हातात धरला होता.

ती बाई कोण होती हे मी अजून शोधतेय म्हटलं की आई फोनवर चिडते. "मी कोण, कुठली, हे तिनं विचारलं होतं का? मग तू कशाला तिची चौकशी करतीस!"