लेकीच्या रायफलीची नवी नळी

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नोकरीची सगळी वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. भाग मापात नसेल तर परत पाठवायची, मग समोर साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब. त्यामुळे लेकीच्या रायफलीला नवी नळी बसवायची ठरली तेव्हा मी म्हटलं, मी येणार म्हणजे येणार.

लेक नेमबाज आहे. जुन्या नळीने तिच्या गोळ्या हल्ली फाकायला लागल्या होत्या आणि राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. गेल्या खेपेला थोडक्यात हुकली, तेव्हा पोरगी कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. ही नळी मिळवतानाच नाकी नऊ आले होते. दुसरी यायची तर निवड होऊन गेली असती.

शिवाजीनगरातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात तिथले कारागीर अण्णा होते. त्यांनी नळी आधी नुसती हाताने बसवली. पक्की करण्याआधी हेडस्पेस बघायचा असतो, म्हणजे काडतूस आत बसलं की त्याच्या मागे बोल्टपर्यंत, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यापर्यंत, किती जागा उरते ते. त्यासाठी काडतुसाच्या आकाराचे, मापाचे दोन गेज. पहिल्यावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. दुसऱ्यावरही मिटला तर जागा जास्त आहे. मग काडतूस मागून फाटू शकतं, आणि तिथेच लेकीचा गाल टेकलेला असतो.

"अक्का, तुम्ही बघता?" अण्णांनी विचारलं. माझे हात शिवशिवत होतेच.

"रायफल माझी आहे, मीच बघणार," लेक म्हणाली.

पहिल्या गेजवर बोल्ट अलगद मिटला. तिने दुसरा घातला, दोन बोटांनी बोल्टची मूठ खाली आणली. मिटला!

"आत कचरा असेल," मी म्हटलं. सगळं पुसलं, दिव्याखाली धरून बघितलं, परत लावलं. परत मिटला.

"अगं, आणखी हलक्या हाताने बघ ना," मी म्हटलं. "स्वल्पच तर फरक असेल."

लेकीने गेज काढून टेबलावर ठेवला. "आई, कारखान्यात तुला कोणी असं म्हटलं असतं तर?"

त्याला मी दारात उभं केलं नसतं. परक्यांच्या मालाला नाही म्हणणं सोपं होतं मेलं! इथे पोरीचा चेहरा समोर होता. मला रडू येत होतं, तिला नाही.

"सरी अण्णा, ठीक आहे, ही परत पाठवा," ती म्हणाली. "मी जुन्याच नळीने उतरते."

"जमेल तिने?" मी विचारलं.

"बघते कसं जमत नाही ते." तिने जुनी नळी अण्णांच्या पुढे सरकवली आणि दोन्ही गेज उचलले. "पण आधी हिलाही लावून बघू. ही मापात उतरली नाही, तर मी जाणारच नाही."

अण्णांनी नळी बसवली. तिने गेज आत घातला, आणि या खेपेला मी तोंड मिटून उभी राहिले.