मुखरू मिस्त्रीचा भोंगा

मुखरू मिस्त्रीला समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवयच नव्हती. "मिस्त्री, माझी सायकल..." एवढं म्हणेपर्यंत चाक त्याच्या हातात आलेलं असायचं. धानोऱ्याहून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं गॅसबत्ती, घड्याळ, शिवणयंत्र, जे बिघडेल ते त्याच्या घरापुढच्या सपरीत जायचं आणि बहुतेक वेळा चालू होऊनच बाहेर यायचं. लढाईच्या वर्षांत तो लष्कराच्या एका वर्कशॉपात हमाल म्हणून गेला होता. हमाली कमी केली, डोकावला जास्त, आणि तारेला डाग द्यायची विद्या घेऊन परत आला. मी गावच्या शाळेत मास्तर. मला इंग्रजी येतं असा त्याचा ठाम समज होता आणि तो मोडायचं धाडस मला कधी झालं नाही.

ही गोष्ट पंचावन्न सालची. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. धान कापणीला आलेलं असतं, लेकी माहेरी येतात, आजूबाजूची दहा गावं मैदानात लोटतात आणि दिवसाढवळ्या दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगते. आमच्या गावची दंडार सोमाजींच्या गळ्यावर उभी होती. सोमाजी म्हणजे मुखरूच्या मोठ्या बहिणीचा, गुणाबाईचा नवरा. तीस वर्षं हा माणूस उघड्या मैदानात गायला. पण गेल्या मंडईत मागून लोक ओरडले, "आवाज! आवाज!" बिचाऱ्याने जीव तोडून गायलं, तरी आवाज चौथ्या रांगेपुढे गेला नाही.

यंदा दंडारीच्या पंचांनी ठरवलं की सोमाजींनी मागे बसून टाळ वाजवावे. त्यांच्या जागी एक आडदांड गडी उभा राहणार होता. त्याचा आवाज मोठा होता, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल. मला त्या पंचांचा असा राग आला होता की काही विचारू नका. सोमाजी मात्र हो म्हणाले. फक्त शेतात जाताना गुणगुणायचे, ते बंद झालं.

मुखरू पंचांकडे गेला. म्हणाला, "मी भोंगा बनवतो. त्यातून भाऊजीचा आवाज मागच्या माणसापर्यंत गेला, तं तेच गातीन. नाई गेला, तं तुमचा तो गडी उभा करा." पंच हसले आणि हो म्हणाले. भोंगा बनणार नाही याची त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

नागपूरच्या भंगार बाजारातून त्याने लष्कराने काढून टाकलेलं सामान आणलं: टेलिफोनातला माईक, पत्र्याचा कर्णा आणि आवाज मोठा करणारे काचेचे व्हॉल्व्ह. शिवाय तीन जुने ट्रान्सफॉर्मर. बॅटरी लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीतली मिळाली. सोबत एक फाटकं इंग्रजी पुस्तक होतं. ते मी वाचायचं आणि त्याला समजावायचं, असा हुकूम. मला अर्धं कळायचं. उरलेलं तो माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा.

"ट्रान्सफॉर्मर कशाले पाह्यजे, मास्तर?" त्याने विचारलं आणि उत्तर स्वतःच दिलं. "धानोऱ्याच्या बाजारात गोंडी बोलणारा आन् मराठी बोलणारा समोरासमोर आले, तं मंधात दुभाष्या लागते का नाई? माईक बोलते नाजूक. व्हॉल्व्हले ते समजत नाई. मंधात एक दुभाष्या. पुढं व्हॉल्व्ह बोलते ते कर्ण्याले समजत नाई. तिथी दुसरा."

इतकं छान सांगून त्याने माईकपाशी तीनांतला सगळ्यात जड ट्रान्सफॉर्मर लावला. बाजारात बैल निवडावा तसा निवडला होता. त्यातून माझा आवाज आला तो रांजणात तोंड घालून म्हैस बोलावी तसा. गुणाबाई दारातून म्हणाली, "मास्तर, आज खरा आवाज निंगला तुमचा!" मग त्याने गुपचूप सगळ्यात छोटा लावून पाहिला. शब्द शिंगाड्यासारखे सोलून बाहेर आले. नाजूक आवाजाला नाजूकच दुभाष्या लागतो, हे तेव्हा कळलं.

कर्ण्याकडचा मात्र उरलेल्या दोघांतून एकही नीट जुळेना, आवाज सपरीबाहेर जाईना. तेव्हा मुखरू म्हणाला, स्वतःच गुंडाळतो. पुस्तकात लिहिलं होतं की तिथं दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. म्हणून तारेच्या वेढ्याच्या दोन बाजू हव्यात आणि दोन्ही बाजू सारख्या हव्यात. प्रत्येकी पंधराशे वेढे. शिवणयंत्राच्या चाकावर त्याने रीळ बसवलं. एक बाजू स्वतः गुंडाळली. दुसऱ्या बाजूला येईपर्यंत बोटं आखडली, तेव्हा त्याने शेजारच्या बुधरीला हाक मारली.

बुधरी गोंडाची बाई. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. केसासारखी तार तिच्या बोटांतून अशी गेली की मुखरू बघतच राहिला. एकदाही तुटली नाही. तिने गोंडीत मोजत मोजत पंधरा शेकडे पुरे केले. थरांमध्ये कागद होताच. वरून तिच्याच घरच्या लाखेचा लेप दिला, उन्हात वाळवला आणि बॅटरी जोडली.

कर्णा गुरगुरला. कुणी बोलो न बोलो, आपला गुर्रर्र चालूच. गावातली कुत्री भुंकायला लागली. मुखरूने डाग तपासले, व्हॉल्व्ह बदलून पाहिले, मला पुस्तक तीनदा वाचायला लावलं. मंडई पाच दिवसांवर आली. सोमाजी येऊन शांतपणे म्हणाले, "जाऊ दे मुखरू. टाळ का वाईट आहे?" ते गेल्यावर मुखरू भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सपरीत गेलो, तर तो तार सोडवून वेढे मोजत होता. त्याची बाजू पंधराशे. बुधरीची बाजू पंधराशे पंचाहत्तर. बाजू सारख्या नव्हत्या, म्हणूनच ती गुरगुर. तिला बोलावलं.

"बुधरीबाई, शंभर म्हणजे किती वो?" मी विचारलं.

"शंभर म्हणजे शंभर," ती म्हणाली. "आन् पाच वरती."

"वरती काऊन?"

"पुड्यात शंभरामागं पाच पानं वरती घालाच लागते ना, मास्तर. एखांदं पान फाटकं निंगलं, तं पत्ता मोजून घेनारा फडावरचा दिवाणजी अख्खा पुडाच फेकून देते. माह्या हातालेच सवय आहे."

मुखरू इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "ताराचं पान कोन फाडते, बाई!" बुधरीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी हसलो खरा, पण त्या दिवाणजीला मनातल्या मनात मास्तराला न शोभणाऱ्या शिव्या दिल्या.

"पुन्हा गुंडाळू?" तिने विचारलं. "आता पाच सोडून मोजतो."

"नको," मुखरू म्हणाला. "तुह्यानं ते होत नाई आन् माह्यानं तुह्यावानी गुंडाळनं होत नाई. दोन्ही बाजू तूच गुंडाळ. तुह्याच शंभरानं. आकडा वाढला तं वाढू दे, बाजू सारख्या पाह्यजेत."

दोन दिवसांत तिने दोन्ही बाजू गुंडाळल्या. लाख वाळली, बॅटरी जोडली. कर्णा गप्प. मुखरूने माईकवर नखाने टिचकी मारली, तर ती टिचकी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या काठावर ऐकू गेली. बुधरीने उडीच मारली. मी काय केलं ते सांगत नाही, पण शाळेला त्या दिवशी सुटी दिली.

मंडईच्या दिवशी कर्णा आंब्याच्या फांदीला बांधला. मैदान फुलून गेलं होतं. सोमाजी पांढरा फेटा बांधून उभे राहिले, माईककडे अविश्वासाने पाहिलं आणि तीस वर्षांच्या सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडले. कर्णा फाटल्यासारखा खरखरला. लोक खो-खो हसले. पंचांच्या मागे तो आडदांड गडी पागोटं सारखं करू लागला.

मुखरू धावत गेला आणि सोमाजींच्या कानाशी लागला. माईक चालूच होता, त्यामुळे ते साऱ्या मैदानाने ऐकलं. "भाऊजी, वरडू नका. मागचे लोक इथीच आहेत, तुमच्या तोंडापाशी. घरी गाता तसं गा."

सोमाजींनी डोळे मिटले. मग माहेरी निघालेल्या लेकीचं गाणं त्यांनी इतक्या हळू धरलं की दोन हातांवर उभ्या ढोलकीवाल्याला कान द्यावा लागला. आणि ते गाणं आंब्याच्या झाडावरून साऱ्या मैदानावर उतरलं. सुरातली मुरकी, शब्दाच्या शेवटी गळ्यात येणारा ओलावा, मधला श्वास, सगळं. आम्ही तीस वर्षं सोमाजींचं गाणं ऐकलं म्हणायचो. आम्ही ऐकलं होतं ते त्यांचं ओरडणं! बाजूला शिंगाडे विकणारी बाई तराजू हातात धरून तशीच थांबली. माहेरी आलेल्या लेकी रडत होत्या आणि मीही रडलो, लाज कसली त्यात. गाणं संपल्यावर टाळी जी वाजली ती थांबेना. पंचांपैकी एकाने उठून सोमाजींना हात जोडले आणि म्हणाला, "भाऊ, आनखी एक."

तेवढ्यात गुणाबाई बायांच्या घोळक्यातून तरातरा मुखरूपाशी आली. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल.

"असं गानं हा मानूस फक्त माह्यासाठी म्हणे," ती म्हणाली. "आंगनात, हळूच. लगन झाल्यापासून माह्यापाशी येवढंच माहं एकलीचं होतं. तू आज साऱ्या मंडईले वाटून देल्लं."

मुखरूचा चेहरा उतरला. बटणाकडे हात नेत तो हळूच म्हणाला, "बंद करू काय, बाई?"

"हात तं लावून पाह्य!" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत पहिल्या रांगेत जाऊन बसली.